बाकीचे अकरा सरदार

हात वर करायला काही लागत नाही, असं धर्मराजचं एक जानेवारीपर्यंत मत होतं.

त्या दिवशी आष्टीच्या छोट्याशा चर्चमध्ये नव्या वर्षाची उपासना होती. पाळकसाहेबांनी विचारलं, "यंदा पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सबंध कोण वाचणार?" सगळी मंडळी एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागली. वत्सलाबाईंनी मात्र नवऱ्याकडे बघितलं. बोलल्या काही नाहीत, नुसतं बघितलं. (एकवीस वर्षांच्या संसारात धर्मराजने घेतलेले बहुतेक मोठे निर्णय याच पद्धतीने झालेले आहेत.) हात वर गेला, पाळकसाहेबांनी नाव टिपून घेतलं, मंडळीने टाळ्या वाजवल्या.

हिशेब साधा होता. रोज तीन-चार अध्याय, म्हणजे अर्धा तास. अर्धा तास तर माणूस दाढी करताना आरशात स्वतःकडे बघण्यात घालवतो. धर्मराज एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक होता. एकोणीस वर्षं लोकांचे कागद वाचलेल्या माणसाला देवाचा कागद काय जड जाणार?

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर बरं झालं असतं. पण वत्सलाबाईंनी दुपारीच दिंद्रुडला आईला फोन लावून ही आनंदाची बातमी दिली.

सासूबाई, म्हणजे बायनाबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांना अक्षरओळख नाही. पण त्यांचे यजमान सुवार्तिक होते, खेडोपाडी सायकलवर फिरून वचन सांगायचे, आणि रोज सकाळी घराबाहेर पडायच्या आधी बायकोला मोठ्याने शास्त्र वाचून दाखवायचे. चाळीस वर्षं हा नेम चालला. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली.

"जावईबापू," बायनाबाई फोनवर म्हणाल्या, "तुमी वाचणारच हाव तर जरा मोठ्यानं वाचा, अन् ते फोनात भरून करिष्माकडं धाडा. गुरवारच्या सभेला बायाबी ऐकतील. ह्यांच्यामागं घर मुकं झालंय. अन् तुमचा आवाज ह्यांच्यावाणीच हाय."

शेवटचं वाक्य ऐकून धर्मराजची छाती दोन इंच फुगली. नाही म्हणायचं तर सोडाच, घसा साफ करण्यासाठी त्याने त्याच दिवशी ज्येष्ठमध आणलं.

उत्पत्तीचं पुस्तक झकास गेलं. भांडणं, लग्नं, फसवाफसवी, दुष्काळ, भावाला विहिरीत टाकणं, सगळं घरच्यासारखं. सकाळी सहाला धर्मराज ओसरीवर बसायचा, शास्त्र मांडीवर आणि फोन समोरच्या स्टुलावर. फोनमधला माईक दाबून लॉक करायचा की तो आपोआप आवाज भरत राही. अडचण एवढीच होती की ज्या फोनमध्ये आवाज भरायचा, त्याच फोनमध्ये बाकीचं सगळं जगही भरलेलं होतं.

मोशे डोंगरावर चढला आणि स्टुलावर फोन थरथरला. आष्टीच्या बाजारात एक म्हैस टेम्पोतून खाली उतरायला तयार नव्हती, त्याचा व्हिडिओ होता. धर्मराजने रेकॉर्डिंग थांबवून तो बघितला. मग दुसऱ्यांदा बघितला, कारण पहिल्या वेळी म्हशीच्या मालकाचा चेहरा नीट दिसला नव्हता. मग बोअरची मोटर घरच्या घरी कशी साफ करावी ते बघितलं. (त्याच्याकडे बोअर नाही.) तोवर आठ वाजले, आणि मोशे बिचारा डोंगरावरच राहिला.

देवाच्या निवासमंडपाची मापं आली तेव्हा धर्मराजने पहिल्यांदा चार ओव्या सोडल्या. लेवीयाच्या पुस्तकात अर्धा अध्याय सोडला. वाईट वाटलं, नाही असं नाही. पहिल्या दिवशी फार वाटलं, दुसऱ्या दिवशी कमी, आणि पुढच्या आठवड्यात तर न सोडता वाचलं की चुकल्यासारखं वाटायला लागलं. दिंद्रुडहून तक्रार नव्हती. उलट दर गुरुवारी निरोप यायचा, "बाया लई खूश झाल्या."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी गणना नावाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय आला. ज्यांनी वाचलाय त्यांना ठाऊक आहे. बारा वंशांचे बारा सरदार एकेका दिवशी देवापुढे अर्पण घेऊन येतात. एक चांदीचं ताट, एक चांदीचा कटोरा, धुपाने भरलेलं एक सोन्याचं पात्र, गोऱ्हा, मेंढा, कोकरू, बकरा. पहिला सरदार हे देतो. दुसरा सरदार तेच देतो. तिसरा तेच. बाराही जण अगदी तेच देतात, आणि शास्त्र बाराही वेळा सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून सांगतं.

आता हे एखाद्या शेतकऱ्याने वाचलं असतं, मास्तराने वाचलं असतं, तर तो निमूट वाचत गेला असता. पण समोर बसला होता आवक-जावक लिपिक. एकच मजकूर पुन्हा लिहायचा म्हटलं की सरकारी हात आपोआप एक शब्द लिहितो. धर्मराजने पहिला सरदार नहशोन याची यादी खणखणीत वाचली, पुढच्या पानावर नजर टाकली आणि शांतपणे म्हणाला, "बाकीचे अकरा सरदार वरीलप्रमाणे."

गुरुवारी सकाळी तो कचेरीत वेळेच्या आधी पोचला. साहेब आलेले नव्हते. टेबलावर कागद नव्हते. सहज मनात आलं, आपला आवाज खरंच सासऱ्यांसारखा आहे का ते एकदा ऐकावं. सहा आठवड्यांत त्याने स्वतःचं वाचन कधी ऐकलं नव्हतं. कानात इयरफोन घालून त्याने नेमका सोमवारचा तो तुकडा लावला.

आवाज छान होता. नहशोनचं ताट, कटोरा, पात्र, सगळं भरदार. मग "बाकीचे अकरा सरदार वरीलप्रमाणे." धर्मराज स्वतःशीच हसला. आता संपेल म्हणून त्याने इयरफोन काढायला हात नेला, पण तुकडा संपेना. रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं, आणि नंतर ते न बघता तसंच धाडलं गेलं होतं.

दार वाजलं. भागवतचा आवाज आला. भागवत म्हणजे कचेरीतला शेजारच्या टेबलावरचा सोबती, त्या दिवशी गाडीची चावी मागायला घरी आला होता.

"झालं का वाचन? एवढ्यात?"

"बारा वेळा तेच तेच हाय बे. कोण वाचत बसतंय?"

"आमच्या आईसमोर पोथीतली एक ओवी गाळली तर तिला लगेच कळतं."

"आमच्या सासूबाईला काय कळतंय?" इयरफोनमधला धर्मराज मोठ्याने, प्रसन्नपणे म्हणाला. "अक्षर येत न्हाई त्यांना. मी आपल्या कचेरीतलं आवक-जावक रजिस्टर वाचलं तरी त्या आमेन म्हणतील."

त्यानंतर दोघांचं हसणं होतं. हसणं बराच वेळ चाललं होतं.

खुर्चीतल्या धर्मराजने इयरफोन ओढून काढले. त्याने तो तुकडा दाबून धरला आणि काढून टाकायचा प्रयत्न केला. फोन म्हणाला, फक्त तुमच्याकडचं निघेल, समोरच्याकडचं काढायची मुदत संपली. एकोणीस वर्षं धर्मराजने खिडकीबाहेरच्या लोकांना हेच वाक्य ऐकवलं होतं. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं ते त्याला आज कळलं. त्या तुकड्याजवळ बारीकसारीक रंगीत खुणाही होत्या, पण कुठली खूण कशाची हे त्याला कधीच समजलेलं नव्हतं.

त्याने करिष्माला फोन लावला. करिष्मा म्हणजे मेव्हण्याची मुलगी, माजलगावला कॉलेजात होती. फोन बंद. तिच्या आईला लावला, तर ती म्हणाली, "तिची प्रॅक्टिकल परीक्षा हाय, दाजी. दोनला येईल. तीनला सभा हाय न्हवं, तिलाच तर बॉक्स जोडायचा असतो."

बॉक्स म्हणजे स्पीकर. आठवडाभराचं वाचन गुरुवारी तीन वाजता त्या बॉक्सवर लावलं जाई आणि गल्लीतल्या पंधरा-वीस बाया मन लावून ऐकत. त्या पंधरा-वीस बायांच्या मधोमध, पदर सावरून, जावयाच्या आवाजात नवऱ्याचा आवाज शोधत बायनाबाई बसलेल्या असतील, आणि बॉक्समधून आवाज येईल, की यांना काय कळतंय.  बायकोला सांगावं, तर ती त्या बाईची मुलगी होती.

तो उठला. रजेचा अर्ज लिहिला, 'कारण' या रकान्यात "घरगुती अडचण" लिहिलं आणि भागवतला म्हणाला, "सायबानं विचारलं तर सांग, सासरवाडीला गेलाय."

"कावून? काय झालं?"

"अजून झालं न्हाई. तीन वाजता होणार हाय."

बीडला एक गाडी बदलली, तेलगावला दुसरी. प्रत्येक फाट्यावर ड्रायव्हर कुणाची तरी वाट बघत थांबायचा आणि धर्मराज घड्याळ बघायचा. घाट चढताना त्याने डोळे मिटून प्रार्थना केली. "प्रभू, करिष्माची परीक्षा लांबू दे" अशी सुरुवात केली, मग ते बरं वाटेना म्हणून "दिंद्रुडची लाईट जाऊ दे" अशी दुरुस्ती केली. मग आठवलं की बॉक्स चार्जिंगचा आहे. चांगली चाळीस मिनिटं त्याची प्रार्थना चालली. सहा आठवड्यांत फोनकडे न बघता देवाशी इतका वेळ बोलायची ही त्याची पहिलीच वेळ होती.

अडीच वाजता तो दारात पोचला. बायनाबाई अंगणात सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या. वर बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"जावईबापू? कावून असं अचानक? वत्सला बरी हाय न?"

"बरी हाय, आई. सहज आलतो."

"कचेरीच्या दिसी?" त्या क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "या. पाय धुवा."

आणि धर्मराजची खरी पंचाईत सुरू झाली. जावई घरात आला की त्याला एकटं सोडायचं नाही, असा त्या घरचा रिवाज होता. बाजेवर नवी चादर आली. चहा आला. मेव्हण्याची बायको पदर घेऊन दाराशी उभी राहिली. शेजारच्या दगडाबाई "जावई आले व्हय" म्हणत येऊन बसल्या. करिष्मा परीक्षेहून आलेली होती आणि तिचा फोन समोरच्या फळीवर, सासऱ्यांच्या फोटोखाली, चार्जिंगला लावलेला होता. बाजेपासून फळी सहा पावलं होती.

धर्मराज उठला की बायनाबाई विचारायच्या, "काय पायजे?"

"पाणी," तो म्हणायचा.

पाणी यायचं, तो प्यायचा आणि पुन्हा बसायचा. असे चार तांबे झाले. पाचव्यांदा उठायची त्याची शारीरिक ताकद उरली नाही.

तोवर बाया जमल्या. या सभेची एक रीत होती. रोज भाकरीचं पीठ मळताना प्रत्येक घरी एक मूठ ज्वारी देवाची म्हणून बाजूला काढायची आणि गुरुवारी आणून इथल्या बांबूच्या डालीत ओतायची. बायनाबाई डालीजवळ बसल्या. एकेक बाई पुढे येई, पदरातलं धान्य ओती, आणि बायनाबाई मोठ्याने नाव घेत. "सत्यभामा, सात मुठी. प्रभू, हिचं घे." "भिवराबाई, सात मुठी. प्रभू, हिचं घे." सगळ्यांची ज्वारी सारखीच, मुठीही सारख्याच, पण बायनाबाईंनी एकदाही घाई केली नाही. धर्मराजचं लक्ष फळीकडे होतं.

"करिष्मा, बॉक्स जोड गं," कुणीतरी म्हणालं.

धर्मराज ताडकन उभा राहिला. बुडत्याला काडीचा आधार, तशी त्याला एक कल्पना सुचली होती. "मी स्वतः आलोय तर डब्यातलं कशाला ऐकता? मीच वाचतो."

बायांमध्ये आनंद पसरला. धर्मराजला हुश्श झालं. आपण वेळेवर पोचलो, अब्रू वाचली, आता एखादं गोड स्तोत्र वाचावं आणि साडेचारची गाडी धरावी.

बायनाबाईंनी सासऱ्यांचं जाड, कडा झिजलेलं शास्त्र आणून त्याच्या हातात दिलं. "रविवारी तुमी गणनेचा सहावा धाडलता. आज सातवा."

"एखादं स्तोत्र वाचू का, आई?"

"सातवा," त्या म्हणाल्या.

एकोणनव्वद ओव्या. धर्मराजने नहशोन वाचला. नथनेल वाचला. अलीयाब वाचला. प्रत्येकाचं ताट, कटोरा, पात्र, गोऱ्हा, मेंढा, कोकरू, बकरा. बाया तल्लीन झाल्या होत्या. पाचव्या सरदाराला त्याच्या खिशात फोन थरथरला. सहाव्याला दोनदा थरथरला. साहेबांचाच असणार. भागवत काय बोलला असेल कुणास ठाऊक. सातव्याचा बकरा कसाबसा संपवून त्याने पान उलटलं आणि नजर चुकवून सरळ नवव्यावर आला.

बायनाबाईंनी हात वर केला.

"आठवा ऱ्हायला."

धर्मराज थबकला.

"गमलिएल," त्या म्हणाल्या. "मनश्शेचा सरदार. त्योबी ताट घेऊन आलाय. उन्हात उभा हाय बिचारा."

बाया हसल्या. धर्मराजचे कान गरम झाले. तो मागे गेला, गमलिएलला त्याच्या ताट-कटोऱ्यासकट आत घेतलं, आणि बाराव्या सरदारापर्यंत एक अक्षर सोडलं नाही. त्याचा घसा बसला. पण शेवटी शेवटी त्याला स्वतःलाच नवल वाटलं, की तेच तेच वाचताना समोर एकेक माणूस उभा राहत होता, आणि आपली पाळी येईतो ताट धरून थांबलेला दिसत होता. फोन किती वेळा थरथरला ते त्याने मोजलं नाही.

सभा संपली. बाया गेल्या. मेव्हण्याची बायको चुलीकडे वळली. धर्मराज अखेर फळीजवळ पोचला आणि करिष्माला म्हणाला, "तुझा फोन दे बरं जरा. माझा आवाज नीट येतोय का बघतो."

"नीट येतोय," मागून बायनाबाई म्हणाल्या. "सोमवारीच ऐकलंय मी."

धर्मराज वळलाच नाही. समोर सासऱ्यांचा फोटो होता, त्याच्याकडेच बघत राहिला.

"मला अक्षर येत न्हाई, हे खरं हाय," बायनाबाई डालीतली ज्वारी पोत्यात ओतत म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "पण रजिस्टर वाचलंत तर आमेन म्हणणार न्हाई, जावईबापू. तेवढं कळतंय."

"आई, माझं चुकलं."

"सोमवारी लई राग आलता. मंगळवारी जरा कमी झाला. काल करिष्माला म्हणलं, त्यो तुकडा सभेत लावू नको. माणसाची चूक चारचौघांत मांडून काय मिळतंय? अन् जावई माझाच हाय." त्यांनी डालीच्या तळातले दाणे झटकले. "राग रजिस्टरचा न्हवता. तुमचा आवाज ह्यांच्यावाणी हाय म्हणून मी ऐकते. तुमी गाळलं की मला वाटतं ह्यांनीच गाळलं. अन् ह्यांनी चाळीस वर्सांत एकबी सरदार गाळला न्हवता."

 धर्मराजला स्वतःची लाज वाटली, खरोखरची, घाटातल्या भीतीपेक्षा मोठी. तो खाली बसला आणि पोत्याचं तोंड धरलं. ज्वारी भरून झाली तेव्हा एवढंच म्हणाला, "उद्यापासून गाळणार न्हाई."

"बघू," बायनाबाई म्हणाल्या आणि त्याला अंडी-भाकरी वाढायला उठल्या.

संध्याकाळच्या गाडीला सोडायला करिष्मा फाट्यापर्यंत आली. धर्मराजचं मन बरंच हलकं झालं होतं. म्हातारीने पोटात घातलं, बायांपुढे मान राहिला, वत्सलाबाईंपर्यंत काही पोचलं नव्हतं. राहिलं होतं ते एकच काम. गाडी दिसायला लागली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "करिष्मा, ते सोमवारचं आता काढून टाकलंस न बेटा?"

"न्हाई, मामा. मी काढणार होते, पण आजीनं काढू दिलं न्हाई."

"कावून?"

 गाडीचा दरवाजा उघडल्यावर करिष्मा म्हणाली, "आजी म्हणली, राहू दे. सहा आठवड्यांत जावई तेवढंच काय ते मनापासून बोललेत."